मांडीतून आलेला गाल

फुंकणी ओठांना लावली की फुगा बोलत नसे. बोलणार तरी कसा? ओठांत लांबलचक पोकळ लोखंडी नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला भट्टीतून नुकताच काढलेला, मधासारखा ओघळू पाहणारा काचेचा गोळा. त्या गोळ्यात आपला श्वास घालायचा, आणि तो असा घालायचा की काच चहूबाजूंनी सारखीच पसरली पाहिजे. श्वास जास्त झाला तर एका अंगाला पापुद्रा होतो, कमी पडला तर काच रुसल्यासारखी खाली बसते.

त्या कारखान्यात दिव्यांवर बसवायचे काचेचे गोल होत. लहान गोल सगळेच फुंकत. घागरीएवढा मोठा गोल मात्र एकटा तोच फुंकी. फुंकताना त्याचे गाल असे काही तट्ट होत, की कुणीतरी एकदा त्याला फुगा म्हणालं आणि ते नाव त्याला कायमचं चिकटलं. पुढे त्याच्या सासूनेही तेच नाव उचललं, अर्थात त्याच्या पाठीमागे.

मोठा गोल हे एकट्याचं काम नव्हे. भट्टीसमोर जमिनीत एक खड्डा होता, खड्ड्यात दोन पाकळ्यांचा लोखंडी साचा, आणि साच्याच्या दांड्या धरून खाली बसलेला त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. फुगा काठावर उभा राहून फुंकणी सरळ उभी धरी आणि काचेचा गोळा साच्यात सोडी. मेहुणा साचा मिटून घेई. मग आत काच कुठवर आली हे दोघांनाही दिसत नसे. ते फक्त फुग्याला कळे, ओठांवर परत येणाऱ्या दाबावरून. तोंडात फुंकणी असल्यामुळे सांगायची सोय नव्हती. म्हणून मेहुण्याची नजर खालून फुग्याच्या डाव्या गालावर खिळलेली असे. गाल ताठ आहे तोवर साचा मिटलेला. ओठाचा डावा कोपरा जरासा हलला की साचा उघडायचा. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं समोरासमोर घाम गाळून ते आपोआप झालं होतं.

"दाजींचा गाल मी जेवढा बघितलाय," मेहुणा चारचौघांत सांगे, "तेवढा आमच्या ताईनंसुद्धा बघितला नसेल."

"तुझी ताई डोळे बघते," फुगा म्हणे. "उघडे आहेत की घोरतोय, एवढंच."

आणि एका दुपारी, गोल साच्यातून वर काढून फुगा तो उजेडाकडे धरून बघत असताना, कुणीतरी मालाचं मोठं दार सताड उघडलं. बाहेर गार वारं सुटलं होतं. तापलेल्या काचेला गार वारं सोसत नाही. बारीकसा टक् आवाज झाला, आणि गोल त्याच्या तोंडासमोर फुटला. एक तुकडा कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत डावा गाल आडवा चिरून गेला.

जवळच्या दवाखान्यात टाके पडले. जखम छान भरली, व्रणही केसासारखा बारीक राहिला. बघणारे म्हणायचे, थोडक्यात निभावलं. कातडी शिवली होती, पण आत काय तुटलं ते कुणी पाहिलं नव्हतं.

तुटली होती ती चेहरा हलवणारी नस. डावी बाजू जणू दुसऱ्याच कुणा माणसाची होऊन गळ्यात पडली. ओठ खाली लोंबला. पापणी मिटेना. पाणी प्यायलं तर निम्मं सदऱ्यावर. ओठ जुळत नसल्यामुळे प, ब, म ही अक्षरं वाऱ्यावर जात, आणि स्वतःचं टोपणनावसुद्धा त्याला नीट उच्चारता येईना. पहिल्यांदा फुंकणी लावून बघितली, तेव्हा सगळी हवा डाव्या कोपऱ्यातून फुस्स करून निघून गेली. कुणीतरी मागून म्हणालं, "फुगा पंक्चर." दोघे-तिघे हसले. तोही हसायला गेला, पण हसू निम्म्याच तोंडावर आलं आणि ते पाहून हसणारे गप्प झाले. ती थट्टा त्याला लागली नाही. त्यानंतर कुणीच थट्टा केली नाही, ते लागलं.

तो माल बांधायच्या खोलीत गेला. कागदात काच गुंडाळायची, खोक्यात भुसा भरायचा. बसायला त्याने अशी जागा धरली, की डावा गाल भिंतीकडे राहील. बसमध्येही तो डावीकडे खिडकी असलेली जागा शोधी, नाही मिळाली तर उभा राही. घरी ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवे. बायकोने काही दिवस बघितलं. मग एकदा आपलं ताट उचलून ती त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन बसली.

"अगं, काय हे?"

"भिंतीशी काय गप्पा चालल्यात ते ऐकायला आले."

त्याने ताट उचललं आणि दुसऱ्या भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसानंतर तिने तो प्रयत्न सोडला, पण तो जेवायला बसला की डोळे भरून यायच्या आत ती काहीतरी काम काढून उठे.

एका गोष्टीची मात्र त्याला अजून आशा होती. त्या कारखान्यात एक रीत होती. एकाच्या फुंकणीला दुसरा तोंड लावत नसे. ज्याची त्याची फुंकणी ज्याच्या त्याच्या खुंटीवर. माणूस कायमचा गेला किंवा काम सोडून बसला, की त्याच्या फुंकणीचं तोंड कापून टाकत, तिथे नवं तोंड बसवत आणि मग ती दुसऱ्याच्या हातात देत. फुग्याची फुंकणी अजून खुंटीवर होती. मालकीणबाई चांगली बाई होती, पण कारखाना चांगुलपणावर चालत नाही हे तिला वडिलांनी शिकवलं होतं. ती एकदा बांधणीच्या खोलीत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "सध्या मोठ्या गोलांना मागणी नाही, म्हणून मी काही बोलत नाही. मागणी आली की मला माणूस लागेल. तोवर तुमची फुंकणी कापणार नाही."

"तोवर" हा शब्द फुग्याच्या डोक्यात बसला. रोज घरी जाताना तो भट्टीच्या दारातून डोकावे आणि खुंटी बघून जाई.

मिटत नसलेल्या डोळ्यात भुशाची धूळ जाऊन जाऊन डोळा लाल झाला, मग चिकटू लागला. बायकोने त्याला ओढतच मोठ्या रुग्णालयात नेलं. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, "डोळ्याला औषध देतो, पण हे दार उघडं राहिलंय तोवर घरात धूळ येतच राहणार. वरच्या मजल्यावर जा. तिथे चेहऱ्याचं काम करतात."

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या आणि चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या होत्या. त्यांनी फुग्याला हसायला, ओठांचा चंबू करायला, डोळे मिटायला सांगितलं. मग म्हणाल्या, "नस तेव्हाच जोडली असती तर गोष्ट वेगळी. आता या बाजूचे स्नायू वाळून गेलेत. त्यांना हाका मारून उपयोग नाही."

बायकोच्या हातातली पिशवी घसरली. डॉक्टरीणबाई घाईने पुढे म्हणाल्या, "अहो, नवा स्नायू आणू की. मांडीच्या आतून एक पट्टी घ्यायची, ती गालात बसवायची. तिला रक्त द्यायचं आणि नस द्यायची. आता दात दाबा." फुग्याने दात दाबले. त्यांनी त्याचाच हात त्याच्या जबड्यावर ठेवला. "टणक लागलं? ही चावण्याची नस, ती शाबूत आहे. हिचीच एक फांदी नव्या स्नायूला जोडायची. मग दात दाबले की ओठाचा कोपरा वर जाईल. आणि पापणीत सोन्याचा एक लहानसा तुकडा बसवू, त्याच्या वजनाने ती आपोआप मिटेल."

"मला आजवर कानातलं धड नाही केलं," बायको म्हणाली, "आणि यांच्या पापणीला सोनं."

फुग्याने इतका वेळ मान खाली घातली होती. त्याने ती वर केली आणि शक्य तेवढे ओठ जुळवून विचारलं, "फुंकता येईल?"

तो काय काम करतो हे बायकोने समजावून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तोंडातून पाणी गळणार नाही. नीट जेवाल, नीट बोलाल. ओठाच्या कोपऱ्याला आधार येईल. पण फुंकण्याचं मी वचन देणार नाही. मला हे आजवर कुणी विचारलेलंच नाही."

खोटी आशा न दाखवणारा माणूस फुग्याला आवडे. त्याने होकार दिला.

शस्त्रक्रिया सकाळी सुरू झाली आणि उन्हं उतरली तेव्हा संपली. स्नायूला रक्त देणाऱ्या नळ्या शेवईएवढ्या बारीक, त्या भिंगाखाली शिवलेल्या. परिचारिका सतत येई, पेनसारखं एक यंत्र गालावर टेकवी, आणि यंत्रातून सूं सूं असा आवाज निघे. तो आवाज म्हणजे रक्त फिरतंय. आवाज थांबला तर मांडीतून आणलेलं मांस गालातच मरणार, आणि पुन्हा आणायला ते काही मळ्यातलं पीक नव्हे. बायको आणि मेहुणा आळीपाळीने बसत. मेहुण्याला तो आवाज इतका पाठ झाला, की परिचारिकेच्या आधी त्याची मान हले.

दुसऱ्या दुपारी परिचारिकेने यंत्र टेकवलं. आवाज आला, पण ओढल्यासारखा. तिने जागा बदलली. मग पुन्हा बदलली. गाल तोवर जांभळट दिसू लागला होता.

"काय झालं?" मेहुण्याने विचारलं.

ती बाहेर धावली. पाचेक श्वास झाले असतील नसतील, डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी गाल बघितला आणि खाट हलवायला सांगितलं. "परत जाणाऱ्या रक्ताच्या नळीत गुठळी झालीय. आत्ताच उघडावं लागेल."

फुगा जागा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. खाट दारातून बाहेर पडताना त्याने मेहुण्याचं मनगट असं धरलं, की बोटं सोडवावी लागली.

बाहेरच्या बाकावर दोघं भावंडं बसली. समोर फिकट हिरवी भिंत आणि बंद दार. मग बायको म्हणाली, "मीच मागे लागले होते. डोळ्याचं औषध घालून घरी नेलं असतं तर."

"तर दाजी भिंतीकडे बघत जेवत बसले असते."

"जेवत तर असते."

मेहुण्याने हात गुडघ्यांवर घट्ट धरले, साच्याच्या दांड्या धराव्यात तसे. मग म्हणाला, "ताई, साच्याशी बसलं की मला आतलं काही दिसत नाही. वाटतं, झालं, बिघडलं, उघडावा एकदाचा. पण दाजी वर उभे असतात, आणि ते उघड म्हणत नाहीत तोवर मी उघडत नाही. आत्ता आत कुणीतरी उभं आहे. आपण दांडी सोडायची नाही."

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. त्या काही बोलायच्या आधी मेहुण्याच्या कानाने आतला आवाज टिपला. सूं सूं, सरळ आणि जोरकस. बायको पदर सावरत उठली आणि दारातून आत डोकावू लागली.

मांस जगलं, पण मेलेल्यासारखं पडून राहिलं. गाल सुजलेला, जड, मुका. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की नस हळूहळू वाट काढत येते, काही महिने धीर धरा. व्यायाम शिकवणारी बाई आरसा समोर ठेवून म्हणे, "दात दाबा आणि हसा." फुगा दात दाबी. आरशातला माणूस जसाच्या तसा. घरी कामाला जायच्या आधी, कामावरून आल्यावर, तो आरशाशी बसे आणि दात दाबी. दाढा दुखू लागल्या. बायकोने एकदा चुकून "आज काही?" असं विचारलं, तर त्याने आरसा पालथा घातला. पुढे तिने विचारणं सोडलं.

मग एका संध्याकाळी तो नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून गाजर चावत होता. बायको पाणी द्यायला वाकली आणि तशीच राहिली.

"हसताय कशाला?"

"कुठं हसतोय? गाजर खातोय."

"नाही, हसताय. या बाजूनं. पुन्हा चावा बघू."

तो चावला. गालात, खोल कुठेतरी, कुणी दोरा ओढल्यासारखं झालं. ओठाचा कोपरा एक धान्याचा दाणा राहील एवढा वर गेला आणि खाली आला. बायकोने टोपलीतली सगळी गाजरं त्याच्या पुढ्यात ओतली. त्याने ती सगळी खाल्ली. रात्री पोट दुखलं, पण त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

त्यानंतर गोष्टी भराभर बदलल्या. पापणी तर सोन्याच्या वजनाने आधीच मिटू लागली होती. पाणी सदऱ्यावर सांडेना. म आणि ब परत आले. तो बायकोकडे तोंड करून जेवू लागला, आणि जेवताना त्याची डावी बाजू घासागणिक हसे. "माझ्या हातच्या जेवणाचं असं कौतुक कधी झालं नव्हतं," बायको म्हणे. पण हे घरातलं. बाहेर तो अजून डावी बाजू भिंतीकडेच ठेवी. बांधणीच्या खोलीतली जागा त्याने सोडली नाही. लोकांसमोर गाल आपल्या मनाने हलतो, हे त्याला लोंबलेल्या ओठाइतकंच अवघड वाटे.

आणि मोठ्या गोलांची मागणी आली.

मालकीणबाईने त्याला बोलावून घेतलं. "काम मोठं आहे. उद्या भट्टी लावते. तुम्हाला जमलं तर तुम्हीच. नाही जमलं तर बाहेरून फुंक्या बोलावलाय, तो परवा येईल. मग त्याला तुमची फुंकणी द्यावी लागेल." कापून, हा शब्द तिने उच्चारला नाही.

दुसऱ्या दिवशी फुगा खुंटीजवळ गेला. फुंकणीवर धूळ होती. त्याने ती सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि तोंडाकडचं टोक अंगठ्याने चाचपलं. मेहुणा खड्ड्यात उतरून बसलाच होता. बाकीचे आपापल्या कामात होते, म्हणजे तसं दाखवत होते. त्याने आपली जुनी जागा घेतली, खड्ड्याच्या उजव्या काठाला. तिथे साच्याकडे तोंड करून उभं राहिलं की त्याचा डावा गाल मेहुण्याकडे आणि मेहुण्याच्या पाठीमागच्या कोऱ्या भिंतीकडे राही, उजवा गाल कारखान्याकडे. जागा अपघाताच्या आधीपासूनची, पण आता ती त्याला किती सोयीची होती ते त्यालाच ठाऊक.

काच उचलली. भट्टीची धग तोंडावर आली आणि पापणी आपोआप खाली झुकली. मालाच्या दाराकडे नजर जाऊन आली. दाराला कडी होती, कडीला वर दोरी बांधलेली होती. तरी मानेवर गार वारं लागल्याचा भास झाला.

गोळा साच्यात गेला. मेहुण्याने पाकळ्या मिटल्या. फुग्याने फुंक घातली. हवा धरली गेली. कोपरा गळत नव्हता. गळत नव्हता. छातीतली हवा गालात, गालातली नळीत, आणि नळीतून परत येणारा तो जुना ओळखीचा दाब. अजून थोडं, अजून. काच निम्मा साचा भरत आली होती. कुठेतरी खोकं आपटलं. फुटल्याचा आवाज नव्हता, नुसतं खोकं. पण फुग्याच्या अंगात वीज गेली आणि त्याने दात करकचून आवळले.

ओठाचा डावा कोपरा वर गेला.

मेहुण्याने साचा उघडला.

आत काच अजून पोरसवदा होती, अर्धी फुगलेली. साच्याचा आधार सुटताच ती एका बाजूला कलली आणि बघता बघता कणसाच्या वाळक्या टरफलासारखी लोंबली. फुग्याने फुंकणी तोंडातून काढली.

"का उघडलास?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी कुठं सांगितलं?"

"कोपरा हलला की, दाजी! इतकी वर्षं मी कशावर उघडतोय?"

मालकीणबाई दूर खांबाला टेकून उभी होती. बिघडलेली काच भंगाराच्या पेटीत पडली, त्याचा आवाज झाला. फुगा फुंकणी जमिनीवर टेकून उभा राहिला. त्याला वाटलं, तसंच चालत जावं, फुंकणी खुंटीला अडकवावी आणि बांधणीच्या खोलीत आपल्या जागेवर जाऊन बसावं. तिथे सगळं सोपं होतं.

मेहुणा खड्ड्यातून वर आला. त्याने कमरेवर हात ठेवून दाजींच्या डाव्या गालाकडे बघितलं, एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं. "दात आवळले होते ना?"

"भीती वाटली. आवळले गेले."

"मग हा गाल आता दातांचं ऐकतो. फुंकेचं नाही." त्याने गालावर बोट टेकवलं. "याच्याकडे बघून मी काय उघडणार, कपाळ? हा हवा धरतो ना?"

"धरतो. मुठीत धरावी तशी."

"मग याला धरू दे. मला खरं सांगणारा गाल दाखवा."

"म्हणजे?"

"उजवा. त्याची नस जन्मापासूनची आहे, तो बदललेला नाही. तुम्ही पलीकडच्या काठावर उभे राहा."

फुग्याने पलीकडच्या काठाकडे बघितलं. तिथे उभं राहिलं की उजवा गाल मेहुण्याकडे येणार होता. आणि डावा सगळ्या कारखान्याकडे. लहान गोल फुंकणारे, घासकाम करणाऱ्या बायका, खोकी नेणारे, खांबाशी मालकीणबाई. भिंत कुठेच नाही. आणि काम संपेपर्यंत हात मोकळे नाहीत, की वर नेऊन गाल झाकावा.

"लोक बघतील," तो हळूच म्हणाला.

"बघू देत की. तिकीट थोडंच लावलंय," मेहुणा म्हणाला. मग आवाज उतरवून, "दाजी, मी तिथे खाली बसणार आहे. मला तुमचा गाल लागतो. लोकांचं लोक बघतील."

मालकीणबाईने विचारलं, "काय ठरलं? भट्टी अशीच जळत ठेवायची का?"

फुगा खड्ड्याला वळसा घालून गेला. चार पावलांचा वळसा, पण त्याला तो नदी ओलांडल्यासारखा वाटला. पलीकडे उभा राहिल्यावर डाव्या अंगाला सगळ्यांच्या नजरा उन्हासारख्या लागल्या. घासकामाची चाकं एकेक करून मंदावली. त्याने काच उचलली, फिरवली, साच्यात सोडली. पाकळ्या मिटल्या.

या वेळी त्याने जबडा सैल सोडला, मुलाला निजवताना सोडतो तसा, आणि फुंकणी ओठांच्या मध्यापासून किंचित उजवीकडे घेतली. फुंक घातली. डावा गाल भरला. व्रण ताणला जाऊन पांढरा पडला. तो सगळ्यांना दिसत होता, आणि सगळ्यांना दिसतोय हे त्याला कळत होतं. दाब परत आला. अजून थोडं. कुणीतरी खोकलं. दातांशी काहीतरी सळसळलं, आवळायची इच्छा झाली, आणि डावा कोपरा एकदा थरथरून वर गेलाच. बारीक शिट्टी वाजली, हवा निसटू लागली.

मेहुण्याचे हात दांड्यांवर घट्ट होते. तो डावीकडे बघतच नव्हता.

फुग्याने जबडा पुन्हा सोडला. शिट्टी थांबली. छातीत तळाशी राहिलेला श्वास त्याने वर आणला आणि सगळा नळीत घातला. काच भरली. सगळीकडून भरली, ते ओठांना कळलं. मग त्याने उजवा कोपरा जरासा ढिला केला.

साचा उघडला.

वर आलेला गोल अजून नारिंगी होता, आणि त्याच्या अंगाला कुठे घडी नव्हती. फुग्याने तो फिरवत धरला. बघायला उजेडाकडे वळावं लागलं आणि उजेड सगळ्यांच्या बाजूला होता, म्हणून तो सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिला. दम लागला होता. दात आपोआप मिटले आणि डावा ओठ वर गेला, उजवा त्याच्या मागून गेला. घासकाम करणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, "बाई, फुगा हसला तर चांगला दिसतो की."

"श्वास घेतोय तो," दुसरी म्हणाली.

मालकीणबाई जवळ आली. तिने गोल खालून बघितला, वरून बघितला. काच सावकाश निववायच्या भट्टीत गेल्यावर रात्रभरात तडकतो की टिकतो हे उद्याच कळणार होतं, आणि ते ती जाणून होती.

"शिट्टी वाजली मध्येच," ती म्हणाली.

"वाजली," फुगा म्हणाला. "पुढच्याला कमी वाजेल."

ती थोडा वेळ त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, दोन्ही बाजूंकडे. त्याने तोंड वळवलं नाही. मग तिने मागे वळून खोकी नेणाऱ्याला हाक मारली. "ती पाण्याची बादली आणि पाट पलीकडे ठेवा, यांच्या काठाला. आणि बाहेरच्या फुंक्याला निरोप द्या, आठवडाभर थांब म्हणावं."

"आठवडाच का?" मेहुण्याने खड्ड्यातून विचारलं.

"पुढचं तुमच्या दाजींच्या फुंकेवर आहे," मालकीणबाई म्हणाली आणि निघून गेली.

गोल निववायच्या भट्टीत गेला. फुग्याने बादलीतलं पाणी ओंजळीने घेऊन प्यायलं, सगळ्यांसमोर. एक थेंब हनुवटीवर आला. तो त्याने मनगटाने पुसला आणि दुसरी काच उचलायला भट्टीकडे वळला.